अखंड नाद आणि त्याचें लेखन

जें पुनःपुन्हां घडतें तें लिहावें कसें, हा प्रश्न प्रत्येक लेखनविद्येस केव्हां ना केव्हां पडतोच. जमाखर्चाच्या वहींत तीच बाब पुन्हां आली कीं कारकून ‘ऐजन’ असें लिहून मोकळा होतो. कीर्तनकाराच्या टिपणांत ध्रुपदाचीं पहिलीं दोन अक्षरें तेवढीं घातलेलीं असतात. ऋग्वेदाच्या पदपाठाच्या हस्तलिखितांत एकदां येऊन गेलेला मजकूर पुन्हां आल्यास तो गाळण्याची वहिवाट होती, आणि अशा गाळलेल्या भागांस ‘गलित’ अशी स्वतंत्र संज्ञाच आहे. या सर्व ठिकाणीं तत्त्व एकच : जें वाचकास ठाऊक आहे तें लिहिण्याचे श्रम करूं नयेत. परंतु वाचकास काय ठाऊक आहे हें ठरवावयाचें कोणीं, आणि तें त्यास पुढेंही ठाऊक राहील याची हमी द्यावयाची कोणीं, हे प्रश्न त्या तत्त्वाच्या पोटांतच दडलेले असतात. दीर्घकाळ तसाच चालू राहणाऱ्या, किंवा तसाच पुनःपुन्हां वाजणाऱ्या, स्वरसमूहाच्या लेखनांत ते जितके स्पष्टपणें बाहेर येतात तितके अन्यत्र क्वचितच येत असतील. त्या एका लहानशा प्रश्नाचा इतिहास येथें पाहण्याचा आमचा विचार आहे.

विषय दिसावयास क्षुद्र आहे हें आम्ही जाणतों. परंतु हल्लीं स्वरलिपि छापण्याचें काम संगणकाकडे गेलें आहे, आणि पुसदसारख्या, मोठ्या संगीतसभांपासून दूर असलेल्या शहरांतील विद्यार्थ्यासही तें साधन घरबसल्या, व कित्येकदां फुकट, मिळतें. तें वापरणारास पेंच पडतो तो नेहमींच अवघड तानेच्या जागीं पडतो असें नाहीं. पुष्कळदां ज्या जागीं कांहींच घडत नाहीं तेथें पडतो. एकच स्वरसमूह चाळीस आवर्तनें धरून ठेवावयाचा आहे, किंवा दोनशें वेळां तोच तोच वाजवावयाचा आहे. तो दोनशें वेळां लिहावा, एकदां लिहून पुढें खूण करावी, कीं मुळींच लिहूं नये? या तिन्ही उत्तरांस इतिहास आहे, आणि त्या इतिहासाचा बराच भाग आपल्या महाराष्ट्रांत व गोमंतकांत घडलेला आहे.

प्रथम युरोपाकडे पाहूं, कारण हा प्रश्न त्यांनीं फार पूर्वींपासून सोडविण्याचा प्रयत्न केलेला आहे. एकाच वेळीं वाजणाऱ्या तीन-चार स्वरांच्या समूहास ते कॉर्ड म्हणतात. आम्ही येथें त्यास स्वरसंघात म्हणूं. त्यांच्या संगीताची इमारतच अशा संघातांवर उभी आहे, आणि म्हणून तो लिहिणें त्यांस टाळतां येत नाहीं. इ. स. १६०० च्या सुमारास इटलींत जी पद्धति रूढ झाली तींत फक्त खर्जाचा स्वर लिहीत व त्याच्या जवळ कांहीं आंकडे घालीत. त्या आंकड्यांवरून संघात कोणता हें ऑर्गन किंवा तत्सम वाद्य वाजविणारानें स्वतः समजून घ्यावयाचें असे. म्हणजे अर्धें लेखन कागदावर व अर्धें वादकाच्या शिक्षणांत. पुढें वाद्यवृंद मोठे झाले, वादकाची मोकळीक कमी झाली, आणि प्रत्येक स्वर लिहिण्याची रीत पडली. त्याबरोबरच श्रम वांचविणाऱ्या खुणा आल्या. स्वराच्या दांड्यावर एक तिरपी रेघ ओढली कीं तो स्वर त्याच्या एकंदर कालांत आठव्या भागाच्या तुकड्यांनीं पुनःपुन्हां वाजवावा. दोन रेघा ओढल्या कीं सोळाव्या भागाच्या तुकड्यांनीं. संपूर्ण खंडाची पुनरावृत्ति असेल तर त्या खंडांत एक तिरपी रेघ व तिच्या दोन्ही अंगांस दोन टिंबें. आणि स्वर पुन्हां न वाजवितां नुसता लांबवावयाचा असेल तर एका खंडांतील स्वरापासून दुसऱ्या खंडांतील त्याच स्वरापर्यंत कमानीसारखी वक्र रेषा.

या दोन खुणांतील भेद वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. वक्र रेषा म्हणते, ‘धरून ठेव’. तिरपी रेघ म्हणते, ‘पुन्हां वाजव’. स्वर लांब चालला आहे हें दोहोंमध्यें समान; परंतु एकांत हात स्थिर आहे व दुसऱ्यांत हात सतत चालू आहे.

लांब संघाताचें युरोपीय संगीतांतील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे वॅग्नरच्या ‘दास राइनगोल्ड’ या संगीतनाटकाचा प्रारंभ. म्यूनिक येथें १८६९ सालीं हें नाटक प्रथम रंगभूमीवर आलें. ऱ्हाईन नदीचा तळ दाखविण्यासाठीं वॅग्नरनें एकाच संघातावर एकशें छत्तीस खंड रचले आहेत. आरंभीं अतिखर्जाचा एकच स्वर, मग त्यावर पंचम, मग आठ शिंगें एकामागून एक, मग तंतुवाद्यांच्या लाटा. परंतु मूळ संघात हालत नाहीं. हें सर्व त्यानें लिहिलें, कारण प्रत्येक वादकानें केव्हां प्रवेश करावयाचा तें सांगणें अवश्य होतें. उलट टोंक पाहावयाचें असेल तर अमेरिकन रचनाकार ला माँट यंग याची १९६० ची एक रचना घ्यावी. तींत कागदावर दोनच स्वर आहेत, एक मूळ स्वर व त्याचा पंचम. आणि ते बराच वेळ धरून ठेवावे अशी एक सूचना आहे. रचना संपली! वॅग्नरनें अनेक पानें भरलीं, यंगनें एक ओळही भरली नाहीं; पण दोघांसही सांगावयाचें होतें तें जवळजवळ एकच.

हाच यंग १९७० सालीं किराणा घराण्याचे गायक पंडित प्राणनाथ यांचा शिष्य झाला. किराणा घराण्याचे अध्वर्यु खांसाहेब अब्दुल करीम खां यांनीं आपल्या आयुष्याचा उत्तरकाळ मिरजेस घालविला, आणि तंबोऱ्याच्या सुरांत सूर मिळवून टाकण्याबद्दल त्यांचें नांव आजही निघतें. दोन स्वर कागदावर लिहून ते धरून ठेवा म्हणणाऱ्या मनुष्यास शेवटीं तंबोऱ्याच्या पायाशीं येऊन बसावेंसें वाटलें, यांत आम्हांस कांहीं आश्चर्य वाटत नाहीं. कारण जो प्रश्न त्यास पडला होता त्याचें उत्तर आपल्याकडे शेंकडों वर्षें तारांवर वाजत आहे. मात्र तें कोणीं कागदावर लिहिलेलें नाहीं.

आतां आपल्या स्वरलेखनाकडे वळूं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हिंदी संगीत लिहून काढण्याची चळवळ बंगाल, बडोदें व महाराष्ट्र या तीन ठिकाणीं जोमानें सुरू झाली. पुण्यास १८७४ मध्यें बळवंत त्रिंबक सहस्रबुद्धे यांच्या पुढाकारानें गायन समाज स्थापन झाला. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखालीं मौलाबक्ष यांची गायनशाळा १८८६ त निघाली व तेथें त्यांच्या स्वतःच्या लिपींत शिक्षण होऊं लागलें. बंगाल्यांत तर युरोपीय पंचरेषा पद्धति स्वीकारावी कीं देशी अक्षरांची लिपि करावी यावर कडाक्याचा वाद झाला. या वादाचा निकाल पुढें लागला तो युक्तिवादानें लागला त्याहून अधिक दोन महाराष्ट्रीयांच्या उद्योगानें लागला. विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१) यांनीं ५ मे १९०१ रोजीं लाहोर येथें गांधर्व महाविद्यालय काढलें, स्वतःचा छापखाना चालविला व स्वरलिपीचीं पुस्तकें विद्यार्थ्यांच्या हातीं दिलीं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनीं वकिली सोडून देशभर हिंडून घराणेदार गायकांकडून चिजा मिळविल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत त्यांतील अठराशेंच्या आसपास चिजा स्वरलिपीसह प्रसिद्ध केल्या.

दोघांच्या लिप्या निरनिराळ्या आहेत. पलुसकरांच्या लिपींत प्रत्येक स्वराखालीं त्याच्या कालमानाचें चिन्ह असतें. वाचणारास अचूक हिशेब मिळतो, पण डोळ्यांस तो जड जातो. भातखंड्यांची लिपि सोपी. कोमल स्वराखालीं आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र स्वराखालीं टिंब, तार स्वरावर टिंब. आणि आमच्या विषयास लागू पडणारी खूण ती ही : स्वर लांबवावयाचा असेल तर त्यापुढें जितक्या मात्रा तितक्या आडव्या रेघा, चिजेच्या अक्षरांत त्याच जागीं अवग्रह. एकतालाच्या बारा मात्रा षड्जावर स्थिर राहावयाचें असेल तर एक ‘सा’ व त्यापुढें अकरा रेघा. तोच षड्ज बारा वेळां उच्चारावयाचा असेल तर बारा ‘सा’. युरोपीयांच्या वक्र रेषेचा व तिरप्या रेघेचा जो भेद आम्हीं वर सांगितला, तोच येथें अगदीं साध्या साधनांनीं साधलेला आहे. शिवाय ही लिपि मराठी छापखान्यांतील नेहमींच्या खिळ्यांत चार-दोन खुणांची भर घालून जुळवितां येई. तिच्या प्रसारास हेंही एक कारण झालें असावें, असें आमचें मत आहे.

परंतु या सर्व पुस्तकांत एक गोष्ट कोठेंही नाहीं. गायक गात असतां त्याच्या मागें प्रथमपासून अखेरपर्यंत जो नाद चालू असतो, त्या तंबोऱ्याची ओळ या लिपींत नाहीं. चीज लिहिली, ताल लिहिला, सम व खाली दाखविली. जें सर्वांत अधिक काळ वाजतें तें मात्र लिहिलें नाहीं.

तें लिहिलेंच असतें तर काय झालें असतें, याचा थोडा हिशेब करूं. तंबोऱ्याच्या चार तारा : पहिली बहुधा पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या षड्जाच्या, चौथी खर्जाच्या षड्जाची. मालकंसासारख्या पंचमवर्ज्य रागांत पहिली तार मध्यमास लावतात. मारव्यासारख्या रागांत ती निषादास लावण्याची चाल आहे. चारी तारा एकामागून एक छेडण्यास समजा चार सेकंद लागतात. मग एका तासाच्या मैफलींत नऊशें फेरे झाले व तारा तीन हजार सहाशें वेळां छेडल्या गेल्या. इतके ‘प सा सा सा’ कोण छापील व कोण वाचील? न लिहिण्याचें पहिलें कारण हें असें व्यवहाराचें आहे.

दुसरें कारण याहून खोल आहे. तंबोऱ्याचा नाद ‘धरून ठेवलेला’ म्हणावा कीं ‘पुन्हां वाजविलेला’? तार दर वेळीं नव्यानें छेडली जाते, म्हणून तो पुनरावृत्त आहे. पण पहिल्या छेडीचा नाद विरण्यापूर्वींच दुसरी येऊन मिळते, म्हणून कानास तो अखंड आहे. याचें रहस्य घोडींत आहे. तंबोऱ्याची घोडी रुंद व किंचित् उतरती असते, आणि तिच्यावर तारेखालीं सुताचा धागा सरकवून जवारी काढतात. तार कांपतांना त्या उतरत्या पृष्ठभागास पुनःपुन्हां स्पर्श करते आणि मूळ स्वरांतून वरच्या स्वरांची एक मालिका उमटवीत राहते. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं १९२१ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत असें दाखविलें कीं, तार ज्या बिंदूवर छेडली असतां विशिष्ट वरचे स्वर उमटूं नयेत असा युरोपीय शास्त्रज्ञांचा नियम होता, त्या बिंदूवर छेडूनही तंबोऱ्यांत व वीणेंत ते स्वर स्पष्ट ऐकूं येतात. म्हणजे ज्यास आपण चार तारांचे तीन स्वर म्हणतों, त्यांत प्रत्यक्षांत कितीतरी स्वर वाजत असतात. भातखंड्यांची आडवी रेघ येथें लागू नाहीं, कारण हात थांबलेला नाहीं. पुनः लिहिलेला ‘सा’ही लागू नाहीं, कारण नाद तुटलेला नाहीं. लिपीच्या दोन्ही खुणा या एका वाद्यापाशीं अपुऱ्या पडतात.

तिसरें कारण म्हणजे तंबोरा हा मापाचा गज होता. आणि कापड मोजतांना कोणी गजाचें वर्णन करीत बसत नाहीं. त्या काळच्या श्रुतिवादाचेंच उदाहरण घ्या. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं १९१० सालीं बावीस श्रुतींवर इंग्रजी पुस्तक लिहिलें. अर्नेस्ट क्लेमेंट्स या आय. सी. एस. अधिकाऱ्यानें १९१३ सालीं आपलें पुस्तक काढलें. अब्दुल करीम खां यांच्या गळ्यांतून श्रुति मोजल्या गेल्या. श्रुतींची हार्मोनियम तयार झाली. आणि १९१६ सालीं बडोद्याच्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेंत भातखंडे व हे पंडित यांचे मतभेद उघडपणें पुढें आले. कोमल ऋषभ कोणत्या आंकड्यावर यावर शाईचे पाट वाहिले. परंतु तो ऋषभ कशापासून मोजावयाचा, तर मागें चालू असलेल्या षड्जापासून, याविषयीं कोणाचेंच दुमत नव्हतें. ज्याविषयीं दुमत नसतें तें लिहिलें जात नाहीं. इतिहासलेखकास हा अनुभव नेहमींच येतो : भांडणांचे कागद राहतात, एकमताचे राहत नाहींत.

हें केवळ मैफलीच्या संगीतापुरतेंच खरें आहे असें नाहीं. आमच्या पुसद तालुक्यांत, व महाराष्ट्रांतील हजारों खेड्यांत, अखंड हरिनाम सप्ताह होतात. त्यांत एक वीणा सात दिवस खालीं ठेवावयाची नसते. एकाच्या गळ्यांतून ती दुसऱ्याच्या गळ्यांत जाते. पहारा बदलतो, वीणा थांबत नाहीं. सात दिवसांचे एकशें अडुसष्ट तास झाले. दोन दोन तासांचा पहारा धरला तर चौऱ्यायशीं पहारे. युरोपीय संगीताच्या इतिहासांत वॅग्नरच्या एकशें छत्तीस खंडांचें मोठें कौतुक आहे, आणि तें योग्यच आहे. परंतु शेतांतील कामें आटोपून आलेले लोक रात्रीं दोन वाजतां देवळांत एकमेकांपासून वीणा घेतात, तेव्हां याहून कितीतरी लांबीचा नाद आपल्या डोळ्यांसमोर चालू असतो.

तो लिहिला जातो का? जातो, पण स्वरांनीं नव्हे. पहाऱ्याची जी यादी देवळाच्या भिंतीवर लागते किंवा सप्ताहाच्या पत्रिकेंत छापली जाते, ती त्या नादाची खरी लिपि होय. तींत कोणता स्वर तें लिहिलेलें नसतें, कारण तें सर्वांस ठाऊक असतें. केव्हां व कोणीं, एवढेंच लिहिलेलें असतें, कारण तेवढेंच बदलतें. लिपीचा जो सर्वोत्तम नियम, कीं स्थिर असेल तें एकदां सांगावें व बदलेल तें दर वेळीं सांगावें, तो येथें कोणी न शिकवितां पाळला गेला आहे. आणि या याद्यांस दुसरेंही मोल आहे. कोणत्या सालीं गांवांत कोणास वीणा मिळाली व कोणास मिळाली नाहीं, हें पुढच्या काळांतील समाजशास्त्रज्ञास त्यांवरून कळूं शकेल. परंतु सप्ताह संपला, काला झाला, कीं ती यादी रद्दींत जाते.

येथवर एका बाजूस लिहिणारे व दुसऱ्या बाजूस न लिहिणारे असे दोन पक्ष आम्हीं पाहिले. या दोहोंच्या मध्यें उभे राहून एकाचें दुसऱ्यास समजावून देण्याचें काम ज्यांनीं केलें ते लोक गोमंतकीय होत. पोर्तुगीज अमलांत, १५१० पासून पुढें साडेचारशें वर्षें, गोव्यांतील चर्चच्या शाळांतून मुलांस पंचरेषा पद्धति व व्हायोलिन हीं शिकविलीं जात. हें शिक्षण मुळांत प्रार्थनेसाठीं होतें. पण त्यांतून तयार झालेले वादक मुंबईस आले, आणि बोलपट सुरू झाल्यावर त्यांस स्टुडिओंत काम मिळूं लागलें. संगीत दिग्दर्शक सरगमींत विचार करी, हार्मोनियमवर चाल बसवी, त्याचा सहायक ती देवनागरी अक्षरांत टिपून घेई. पण समोर बसलेल्या पंचवीस-तीस व्हायोलिनवाल्यांस एकदम कांहीं वाजवावयास सांगावयाचें तर तें पंचरेषांवर लिहून देणें भाग होतें. तें काम अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२), सेबास्तियन डिसूझा यांसारख्या गोमंतकीय वाद्यवृंद-रचनाकारांनीं केलें. पुणतांब्याचे सी. रामचंद्र (१९१८–१९८२) यांच्या गाण्यांच्या मागें चिक चॉकलेट या नांवानें प्रसिद्ध असलेल्या हळदोण्याच्या अंतोनियो झेवियर वाझ यांचा हात होता.

आमच्या प्रश्नाच्या दृष्टीनें या मंडळींचें काम फार महत्त्वाचें आहे. चित्रपटगीतांत गायिका ‘नि सा रे’ म्हणत असतां मागें तंतुवाद्यांनीं जो पडदा धरलेला असतो, तो म्हणजे लांबलेला संघातच. कागदावर त्याच्याइतकें नीरस दृश्य नाहीं : रिकामीं वर्तुळें व त्यांस जोडणाऱ्या कमानी. परंतु तो पडदा कोठें बदलावयाचा, रागाचा वादी स्वर झांकूं न देतां त्याखालीं कोणता संघात ठेवावयाचा, हें ठरविण्यास दोन्ही संगीतांचें ज्ञान लागे. तंबोऱ्यास जी जागा मैफलींत, तीच जागा या पडद्यास गाण्यांत होती. आणि तंबोऱ्याप्रमाणेंच त्याचीही वाट लागली. ध्वनिमुद्रण झालें कीं त्या कागदांचें काम संपे. गीताचें नांव राहिलें, गायिकेचें राहिलें, दिग्दर्शकाचें राहिलें. ज्यानें तो पडदा लिहिला त्याचें नांव चित्रपटाच्या श्रेयनामावलींत बहुधा सहायकांच्या ओळींत जाई, किंवा मुळींच येत नसे. अँथनी गोन्साल्विस हें नांव आज घरोघरीं ठाऊक आहे तें १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटांतील एका विनोदी गाण्यामुळें. आणि तें गाण्यांत आलें तें प्यारेलाल यांस आपल्या व्हायोलिनच्या गुरूचें स्मरण ठेवावेंसें वाटलें म्हणून. इतिहासाचें काम एका गंमतीच्या गाण्यानें करावें लागलें!

आतां यंत्राकडे वळूं. युरोपांत पूर्वीं संगीताचें मुद्रण धातूच्या पत्र्यावर ठसे ठोकून होत असे. प्रत्येक स्वर हातानें ठोकावयाचा, तेव्हां पुनरावृत्तीची खूण म्हणजे कारागिराच्या मनगटास विश्रांति. संगणकानें हें अर्थशास्त्रच उलटें केलें. ‘फिनाले’ ही आज्ञावली १९८८ सालीं, ‘सिबेलियस’ १९९३ सालीं बाजारांत आली. हॉलंडांतील दोघां संगीतप्रेमींनीं १९९६ मध्यें ‘लिलीपॉन्ड’ हें विनामूल्य साधन सुरू केलें. ‘म्यूझस्कोर’ त्यानंतर, २००२ सालीं. या साधनांत एक संघात दोनशें वेळां उतरविण्यास दोन कळा पुरतात. लिहिणारास श्रम नाहींत. म्हणून तो दोनशें वेळां उतरवितो. पण वाचणारास श्रम आहेत, आणि ते पूर्वींहून वाढले आहेत. दोनशें सारख्या खुणांत एकशें सदतिसावी निराळी असेल तर ती त्यास दिसणार कशी? पूर्ण लेखन हें नेहमींच प्रामाणिक लेखन असतें असें नाहीं. जें बदलत नाहीं त्याच्या गर्दींत तें बदललेलें लपवितें.

जे कारागीर ही यंत्रें रचतात त्यांस मात्र हें तत्त्व उमगलेलें दिसतें. लिलीपॉन्डमध्यें नुकताच लिहिलेला संघात पुन्हां हवा असेल तर ‘क्यू’ हें एकच अक्षर लिहावें लागतें. तेंच त्याचें ‘ऐजन’. त्यांतील एक बारीक गोष्ट आम्हांस विशेष मनोरंजक वाटली. हें अक्षर स्वर तेवढे पुन्हां आणतें. त्यावरील जोराची खूण किंवा अलंकार आपण होऊन आणीत नाहीं. यंत्र जणूं विचारतें, स्वर तोच आहे हें मान्य, पण आघात तोच आहे का? तंबोरा छेडणारे कोणतेही कुशल बोट याचें उत्तर देईल कीं नाहीं, दोन आघात कधींच एक नसतात. त्याच साधनांत दुसरीही एक सोय आहे : स्वराची एकूण लांबी एकदांच सांगितली असतां खंडांच्या सीमांवर तो तोडून कमानींनीं जोडण्याचें काम यंत्र स्वतः करतें. लिहिणारानें अर्थ सांगावा व यंत्रानें खुणा मांडाव्या, अशी ही विभागणी आहे.

परंतु यंत्राचा भरंवसा किती धरावा यासही मर्यादा आहे. फिनाले बनविणाऱ्या कंपनीनें ऑगस्ट २०२४ मध्यें तिची वाढ थांबविल्याचें जाहीर केलें, आणि छत्तीस वर्षें त्या साधनांत लिहिणाऱ्या लोकांस आपलीं हस्तलिखितें दुसऱ्या घरीं हलविण्याची वेळ आली. भातखंड्यांचें पुस्तक शंभर वर्षांनंतर कपाटांतून काढून वाचतां येतें. संगणकांतील लेखास वाचणारें यंत्रही जिवंत असावें लागतें.

यापेक्षां आम्हांस अधिक काळजी वाटते ती तंबोऱ्याची. १९७० नंतरच्या दशकांत बंगळूर येथें तंबोऱ्याचा नाद देणारी विजेची पेटी तयार झाली. आतां तोच नाद खिशांतील फोनमध्येंही आहे. लहान गांवच्या विद्यार्थ्यास ही मोठीच सोय झाली हें आम्ही नाकारीत नाहीं. पुसद येथील मुलीस मिरजेचा तंबोरा घेणें व तो सुस्थितींत ठेवणें सोपें नाहीं. परंतु पेटी लावतांना जवारी काढावी लागत नाहीं, तार जुळवावी लागत नाहीं. आणि म्हणून जी गोष्ट कोणींच लिहिली नव्हती, कारण ती प्रत्येक शिष्याच्या बोटांत होती, ती आतां बोटांतूनही जात आहे. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें ही आनंदाची गोष्ट होय. पण मानांकनानें वाद्याचें नांव रक्षिलें जातें. तें लावण्याची विद्या त्यानें रक्षिली जात नाहीं.

मग करावें काय? तंबोऱ्याचे तीन हजार सहाशें आघात छापावे असें कोणी शहाणा म्हणणार नाहीं. न लिहिणें ही आपल्या पूर्वसूरींची चूक होती असेंही आम्हांस म्हणावयाचें नाहीं. त्यांच्या वाचकास जें ठाऊक होतें तें त्यांनीं गाळलें, आणि तें योग्यच केलें. परंतु वाचक बदलला आहे. पदपाठाच्या लेखकांनीं जें गाळलें त्यास गलित असें नांव देऊन ठेवलें, म्हणून तें हरवलें नाहीं. तेवढेंच आपण करावें. यापुढें जो कोणी चीज स्वरलिपींत उतरवील, मग ती पाटीवर उतरवो कीं संगणकावर, त्यानें शिरोभागीं एक ओळ घालावी : तंबोरा अमुक स्वरांत लावलेला, षड्ज अमुक पट्टीचा, छेडण्याची गति अमुक. ज्यांच्या घरांत जुन्या वाद्यवृंदांचे हस्तलिखित कागद पडून असतील त्यांनीं ते रिकाम्या वर्तुळांचे आहेत म्हणून टाकून देऊं नयेत. त्यांवर कोणाचें नांव असेल तर तें प्रथम वाचावें. आणि सप्ताहाच्या पहाऱ्याची यादी वर्षास एक याप्रमाणें देवळाच्या दप्तरांत ठेवावी. यांस पैसा लागत नाहीं, परिषद भरवावी लागत नाहीं, आणि कोणत्याही यंत्राची वाट पाहावी लागत नाहीं. मराठी वाचकांतील संगीतप्रेमी कुटुंबांनीं एवढें मनावर घेतलें, तर पुढच्या पिढीस आपल्या गाण्याबरोबर त्याच्या मागें काय वाजत होतें हेंही कळेल.